काळ्या पडद्यावरचा हिरवा

रिची स्ट्रीटच्या जुन्या कॉम्प्युटरच्या बाजारातून पेरंबूरच्या आमच्या रेल्वे क्वार्टरपर्यंत मी रिक्षात मॉनिटर मांडीवर घेऊन बसले होते. जुना, काचेचा, मागे पोट सुटलेला मॉनिटर. मांड्यांना मुंग्या आल्या होत्या, पण खाली ठेवायची माझी तयारी नव्हती. अप्पांच्या पायांशी कॉम्प्युटरचा डबा होता आणि ते प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्यावर तमिळमध्ये ओरडत होते, "मेल्ल, मेल्ल!" हळू, हळू. अप्पा मूळचे सोलापूरचे. नोकरीने त्यांना इकडे तमिळ मुलखात आणलं, आईशी लग्न इकडेच झालं आणि ते इथलेच होऊन गेले. मालगाडीचे ड्रायव्हर होते ते. वसाहतीत त्यांना सगळे 'ड्रायव्हर सार' म्हणत, आणि मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असूनही मला 'ड्रायव्हर सारची मुलगी' याखेरीज दुसरं नाव नव्हतं.

क्वार्टर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत टेबल, टेबलासमोर सरळ रेषेत स्वयंपाकघराचं दार. त्या दारातून दिवसभर आवाज यायचे: ओल्या खोबऱ्यावर फिरणारी किसणी, डोशाच्या तव्यावर पाणी शिंपडल्याचा चर्र, आणि आईचं स्वतःशी चाललेलं बोलणं. आई तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातली. तिचं मराठी ऐकून अप्पांच्या सोलापूरच्या बहिणी तोंडावर पदर घेऊन हसत. 'होय' म्हणायचं तर ती 'हौ' म्हणे, 'झालं'ला 'जालं' म्हणे, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी तिचा आवाज तमिळ हेलाने वर जाई. ती आंबट वरण करायची ते चिंच आणि गूळ घालून, आणि त्याबरोबर उडदाच्या पिठाची डांगर पचडी. अप्पा जेवायला बसले की ती ताटाजवळ उभी राहून सांगायची, "वरण उजवीकडे. पचडी पलीकडे. तूप घातलंय." मला वाटायचं, हा तिचा लाड करायचा प्रकार. कितीतरी गोष्टी मी तेव्हा लाडाच्या खात्यात टाकून मोकळी झाले होते.

मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून मी लिनक्स घालायला घेतलं. त्या सीडीचं मोठं कौतुक होतं, कारण ती सगळं यंत्र स्वतःच चाचपून ओळखायची. माउस सापडला, कीबोर्ड सापडला, डिस्प्ले कार्ड त्याच्या नावानिशी सापडलं. मॉनिटरपुढे मात्र लिहून आलं: अज्ञात. तीनदा केलं, तिन्ही वेळा अज्ञात. दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी दुकानात गेले. दुकानदार सेल्वमअण्णा, कानाला कायम पेन्सिल लावलेला माणूस, म्हणाला, "तुझ्या केबलमधली एक पिन तुटलेली असणार. मशीन विचारतं, तू कोण, आणि मॉनिटरचं उत्तर पोचत नाही. मग आकडे तुलाच घालायला हवेत. मॉनिटरच्या पाठीवर चिकटवलेला कागद बघ. आणि जपून हं तंगच्ची, धाकट्या बहिणीसारखी आहेस म्हणून सांगतो. जास्तीचा आकडा घातलास तर हा जुना माल जळेल."

त्या संध्याकाळी घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. आई भिंतीवरच्या बटणाला हात लावून उभी, मी म्हणेन तेव्हा दाबायला. मागचा कागद अर्धा फाटलेला होता. आडव्या वारंवारतेचा पहिला आकडा तीस, दुसरा चोपन्न किंवा चौसष्ट. त्यातला पहिला अंक गेलेला. "अप्पा, तुम्ही बघा ना, पाच आहे की सहा?" मी टॉर्च धरला. अप्पा वाकले, बराच वेळ वाकलेले राहिले आणि म्हणाले, "कमी धर. शंका आली की कमीच धरायचं." मला ते ड्रायव्हरचं शहाणपण वाटलं. मी चोपन्न घातला. पडदा काळा झाला, आतून एक बारीक शिट्टी सुरू झाली, ती चढत गेली. "बंद करू गा?" आई ओरडली. मी हात वर करून थांब म्हटलं. टक् असा आवाज झाला आणि निळा पडदा स्वच्छ उजळला. आईने देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. मी अक्षरांचा आकार सगळ्यांत बारीक केला, कारण माझ्या प्रोग्रामच्या लांबलचक ओळी मला एका नजरेत हव्या होत्या.

तीन दिवसांनी कॉलेजातून आले तर पडद्यावरची अक्षरं वाटाण्याएवढी झालेली. मी बारीक केली. दोन दिवस ठीक. पुन्हा वाटाणे. मी खूप विचार करून निदान केलं, आणि ते निदान मला आजही वाईट वाटत नाही: मशीन चालू होताना दर वेळी जोडलेली उपकरणं नव्याने शोधतं, त्याला मॉनिटर सापडत नाही, म्हणून घाबरून ते सगळ्यांत मोठ्या अक्षरांवर येतं. मी तो आपोआप शोध बंदच करून टाकला. वर चार मैत्रिणींना त्याची फुशारकी सांगितली. त्यानंतरच्या शुक्रवारी अक्षरं पुन्हा मोठी.

आता माझं डोकं फिरलं. प्रोजेक्ट द्यायला दहा दिवस उरले होते आणि माझा निम्मा वेळ पडद्याशी भांडण्यात जात होता. मी पुन्हा सेल्वमअण्णाकडे गेले आणि तुम्ही मला खराब माल दिलात म्हणून ऐकवलं. तो रागावला नाही. कानावरची पेन्सिल काढून त्याने बिलाच्या मागे एक ओळ लिहून दिली. "सेटिंग एका फाइलमध्ये असतं. ती फाइल शेवटची कधी बदलली ते या ओळीने कळेल. मग मला शिव्या दे."

घरी येऊन मी ती ओळ टाइप केली. फाइल बदलली होती त्याच दिवशी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. दोन दहाला मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. आई त्या यंत्राला धूळ पुसायलाही हात लावत नसे. उरलं कोण? मला हसूच आलं. अप्पा दुपारी घरी असले की त्यावर पत्ते खेळतात हे मला माहीत होतं. पण मग सांगत का नाहीत? मी रोज संध्याकाळी मशीनच्या नावाने बोटं मोडत होते तेव्हा ते समोर बसून चहा पीत होते, आणि एकदा तर म्हणाले होते, "जुना माल असाच असतो बघ."

हसू मावळलं ते तिथेच. मंगळवारी मी शेवटचे दोन तास बुडवले आणि दोनच्या सुमाराला घरी आले. दार नुसतं लोटलेलं होतं. अप्पा टेबलाशी बसले होते, माझ्याकडे पाठ. सेटिंगची खिडकी उघडलेली. त्यात तीन आकारांची यादी असायची. अप्पांनी यादीकडे बघितलं नाही. बोटाने बाण एकदा दाबला, दुसऱ्यांदा दाबला, एंटर. ओठांनी मोजत होते, "एक, दोन." पडदा क्षणभर काळा होऊन मोठ्या अक्षरांनी परत आला. मग त्यांनी पत्ते उघडले आणि मान वाकडी केली. समोरच्या वस्तूकडे सरळ न बघता कडेने बघावं तशी. नाक काचेपासून वीतभर. त्यांनी चौकटची छक्की उचलून बदामच्या सत्तीवर ठेवली. मशीनने ती परत पाठवली. त्यांनी पुन्हा ठेवली. लालवर लाल चालत नाही हे त्यांनीच मला शाळेत असताना शिकवलं होतं.

मी आत गेले. "लवकर आलीस?" ते म्हणाले आणि मान सरळ झाली. मी म्हटलं, "अप्पा, एक गंमत दाखवते. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहा." चित्र काढायचा प्रोग्राम उघडला, पडदा पूर्ण काळा केला आणि मधोमध हरभऱ्याएवढा एक ठिपका काढला. "सिग्नल सांगा." लहानपणी आम्ही सोलापूरला जाताना खिडकीतून हा खेळ खेळायचो. इंजिनात तो खेळ नसतो. सिग्नल दिसला की ड्रायव्हर आणि त्याचा सहायक, दोघांनीही मोठ्याने रंग म्हणायचा, हा नियमच आहे. एक चुकला तर दुसऱ्याने पकडावा म्हणून.

"काय पोरखेळ लावलास," अप्पा म्हणाले, पण दारात जाऊन उभे राहिले. त्यांना नाही म्हणता आलं असतं. ते म्हणाले नाहीत.

मग त्यांच्या मागून, ओट्यापासून आईचा आवाज आला, अगदी हळू, "पिवळा." आणि लगेच अप्पा खणखणीत आवाजात म्हणाले, "पिवळा!"

मी ठिपका बदलला. "हिरवा," आई पुटपुटली. "हिरवा!" अप्पा म्हणाले.

आई डाळ घोटत होती, रवी थांबली नव्हती. तिचे डोळे मात्र पडद्यावर होते. म्हणजे तिला माहीत होतं. तिलाच आधीपासून माहीत होतं. मी काय केलं ते आज लिहितानाही मला नीटसं सांगता येणार नाही, कारण ते ठरवून केलं नव्हतं. मी ठिपका पुसून टाकला. पडदा कोरा काळा. आईची रवी थांबली. तिला काय म्हणावं कळेना. अप्पा थांबले, जराशी मान वळवून तिच्या आवाजाची वाट बघितली आणि मग सवयीने, छाती भरून म्हणाले, "हिरवा!"

कुकरखालचा गॅस बारीक फुरफुरत होता. त्यांना कळलं. आमच्या गप्प राहण्यावरून कळलं. ते दारातून येऊन खुर्चीवर बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मागच्या पोंगलपासून. साखर डोळ्यांत उतरलीय. जिथं बघतो तिथंच डाग येतो. कडेचं सगळं दिसतं."

"आणि गाडी?"

"मुरुगन आहे की. माझा असिस्टंट. तरुण पोरगं, गरुडासारखे डोळे. तो म्हणतो, मग मी म्हणतो. बाकी रस्ता मला पाठ आहे वसू. कुठं चढ, कुठं वळण, कुठं फाटक, झोपेतून उठवून विचार."

"त्याला माहीत आहे?"

"नाही."

"तो एखाद्या दिवशी चुकला तर? त्याला डुलकी लागली तर?"

आई पदराला हात पुसत बाहेर आली. "हळू बोल गा. भिंतीपलीकडं ऐकू जातंय. येत्या वर्षी मोठी तपासणी आहे, तेव्हा व्हायचं ते होईलच की. तोवर मी काळजी घेते. औषध चालू आहे."

"तू काळजी घेतेस? इंजिनात तू असतेस का, आई?"

हे वाक्य मी आईला उद्देशून बोलले त्याबद्दल मी पुढे माफी मागितली. पण ते मागे घेतलं नाही.

तेवढ्यात फाटकाशी सायकलची घंटी वाजली. कॉलमन नागप्पन. ड्रायव्हरला ड्यूटीवर बोलवायचं काम या माणसाचं. दोन तास आधी दारात यायचा, काखेत लांब वही. त्या वहीत सही केली की ड्रायव्हर ड्यूटीवर आला असं धरलं जाई. पन्नाशीचा शांत माणूस, आईच्या हातचं ताक प्यायल्याशिवाय जात नसे. "सार! साडेचारची गुडूरची मालगाडी!" त्याने बाहेरूनच हाक दिली.

अप्पा उठले. शर्टाचं बटण लावलं, खिशातलं पेन काढलं आणि दाराकडे निघाले. मी आईकडे बघितलं. तिने माझं मनगट धरलं. तिची बोटं डाळीने ओली होती. "नक्को," ती म्हणाली. एवढंच. माझ्या डोळ्यांपुढे कोरा काळा पडदा होता आणि कानांत अप्पांचा तो खणखणीत आवाज. मी मनगट सोडवून घेतलं.

दारात नागप्पनने वही उघडून धरली होती आणि एका ओळीवर बोट ठेवलं होतं. अप्पांचं पेन त्या बोटापर्यंत गेलं आणि बोटाला टेकून थांबलं. मी ते कितीदा पाहिलं असेल! ते बोट तिथे कशासाठी असतं हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"अण्णा," मी म्हणाले, "अप्पावुक्कु कण्णु तेरियलै." अप्पांना दिसत नाही.

माझ्या तमिळमधलं ते सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत जड वाक्य. अप्पांनी वळून बघितलं नाही. त्यांची मान मागून लाल होत गेलेली मला दिसली. नागप्पनचं बोट जागचं हललं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, अप्पांकडे बघितलं, गल्लीत बघितलं. गल्लीत कोणी नव्हतं. मग आवाज उतरवून तो म्हणाला, "सार, ताप आहे म्हणून लिहू? दोन दिवस ताप. नंतरचं नंतर."

त्याने चांगल्या मनाने दार उघडून दिलं होतं. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी पुन्हा इंजिन. मला वाटलं, अप्पा त्या दारातून जातील. अप्पांनी पेनाला टोपण लावलं.

"ताप नको," ते म्हणाले. "डोळे लिही."

नागप्पनने लिहिलं नाही. त्याने वही मिटली, म्हणाला, "मी लॉबीत ड्यूटी लावणाऱ्या साहेबांना तोंडी सांगतो सार, तुम्ही उद्या डॉक्टरकडे या," आणि ताक न पिता गेला. साडेचारच्या गाडीला दुसरा ड्रायव्हर लागला. अप्पा पायरीवर बसून राहिले. अंधार पडायच्या आधी आईने त्यांच्याजवळ कॉफीचा पेला नेऊन ठेवला, त्यांनी तो घेतला. माझ्याकडे दोघांनीही बघितलं नाही. मी टेबलाशी बसले, त्या काळ्या पडद्याचं चित्र जपून न ठेवता बंद केलं.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः रेल्वेच्या दवाखान्यात गेले. आठवड्याभरात त्यांना इंजिनावरून उतरवलं आणि दोन महिन्यांनी लॉबीत टेबलाचं काम मिळालं. ड्यूटीवर जाणाऱ्या ड्रायव्हरांना रस्त्याच्या सूचना समजावून सांगायचं काम, आणि सूचना वाचून दाखवायला एक कारकून. रस्ता पाठ होताच. तरी घरात फार काळ थंडी होती. अप्पा माझ्याशी आईमार्फत बोलत, "तिला सांग, छत्री घेऊन जा." आई तेवढंही बोलत नसे. ती ताट वाढायची आणि आत जायची. अप्पांच्या आधी ती निवळेल असं मला वाटलं होतं, झालं उलटंच. तिला माझ्यावरचा राग होता की स्वतःवरचा, हे मी कधी विचारलं नाही. पुढे तिच्या शेवटच्या आजारपणात एकदा ती म्हणाली, "मी सांगणारच होते गा. रोज सकाळी वाटायचं, आज सांगेन." मी म्हटलं, "हौ आई." तिच्याच शब्दात म्हटलं.

आता मी पेरुंगुडीला राहते. शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात माझ्या टेबलावर दोन मोठे पडदे आहेत. केबल जोडली की मशीन त्यांना नावानिशी ओळखतं, कोणता आकडा घालू असं कोणी विचारत नाही. हाताखालची मुलं एवढ्याशा कारणाने कंटाळतात, पडदा उजळायला चार सेकंद लागले की सुस्कारे टाकतात. जळण्याच्या भीतीने शिट्टी ऐकत बसणं त्यांना सांगून काय कळणार?

अप्पा माझ्याशी थेट बोलले ते वर्षभराने, मला पहिली नोकरी लागली त्या आठवड्यात. संध्याकाळची वेळ होती, आम्ही दोघं पायरीवर बसलो होतो, मधे मुरुक्कूची, इकडच्या चकलीची, ताटली. तोवर त्यांना कडेचंही फारसं दिसत नव्हतं. मीच धीर करून विचारलं, "त्या दिवशी मी बोलले नसते तर तुम्ही गेला असता?"

"गेलो असतो."

"आणि मग?"

"मग काय? गाडी नीट पोचली असती. दर वेळी पोचायची." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "म्हणूनच उतरता येईना गं."

त्यांनी ताटलीतला एक मुरुक्कू चाचपून उचलला, मोडला, आणि अर्धा माझ्यापुढे धरला. जरा डावीकडे, मी नव्हते तिथे. मी सरकून तिथे जाऊन बसले आणि तो घेतला.